संदर्भाच्या चिठ्ठ्या आणि त्यांची मालकी

संशोधनात नाव होते ते निष्कर्षाचे. तो निष्कर्ष तोलून धरतात त्या मात्र चिठ्ठ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचले गेले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. कोशाचा पहिला भाग निघाला १९७६ साली. मराठीत शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली; अभ्यासक आजही तिच्याकडे वळतात. अशा कामांचे बळ एकाच गोष्टीत आहे. नोंद कुठून आली हे तिथे सांगितलेले असते, आणि पुढच्या माणसाला ते पडताळून पाहता येते.

आता चिठ्ठीची जागा संगणकातील नोंदीने घेतली आहे. म्हणून एक नवा प्रश्न उभा राहतो : ही नोंद कोणाच्या ताब्यात असते?

प्रश्न नेमका कळावा म्हणून एक उदाहरण घेऊ. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर विंझर हे गाव आहे. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच तालुक्यातले. समजा, विंझरची एखादी विद्यार्थिनी मावळातील वतनांवर प्रबंध लिहिते आहे. तिचा विषय घराभोवती पसरलेला आहे, पण साधने पुण्यात : भारत इतिहास संशोधक मंडळात, पेशवे दफ्तरात. दिवसभरात जे टिपून आणता येईल त्यावर तिचे पुढचे काही आठवडे चालणार. एखाद्या टिपणावर खंड आणि लेखांक लिहायचा राहिला, तर एका आकड्यासाठी पुन्हा पुण्याची फेरी.

धोका केवळ फेरीचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपलीकडे गेले की कारवाईची पायरी सुरू होते आणि ६० टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होऊ शकते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात. म्हणजे अवतरणाखालचा संदर्भ हरवला, तर प्रामाणिक अभ्यासकही संशयाच्या रांगेत उभा राहतो.

संदर्भ सांभाळणारी संगणकीय साधने १९८० च्या दशकापासून आहेत. एंडनोट हे त्यांतले जुने आणि विकत घ्यावे लागणारे. २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्राने झोटेरो काढले. ते मोफत आहे, शिवाय त्याची आज्ञावली कोणालाही पाहता व बदलता येते. इतिहासाच्या अभ्यासकांनीच ते घडवल्यामुळे पत्र, हस्तलिखित, नकाशा, मुलाखत अशा साधनांसाठी त्यात आरंभापासून वेगळे रकाने आहेत.

मालकीचा वाद लवकरच न्यायालयात पोहोचला. एंडनोटच्या संदर्भशैलीच्या फायली झोटेरोला वाचता येऊ लागल्या, म्हणून २००८ साली थॉमसन रॉयटर्स या कंपनीने विद्यापीठावर दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो काढून टाकला. मेंडेली या दुसऱ्या साधनाची गोष्टही बोलकी आहे. तेही फुकट मिळते. २०१३ साली ते एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि २०१८ मध्ये गोपनीयतेचे कारण देऊन वापरणाऱ्याच्याच संगणकावरचा नोंदींचा साठा कूटबद्ध केला. त्यामुळे दुसऱ्या साधनाला तो थेट वाचता येईना. फुकट आणि मुक्त यांतला फरक इथे दिसतो. साधन निवडताना किमतीच्या आधी विचारावे ते हे, की उद्या सोडायचे ठरले तर माझ्या सगळ्या नोंदी घेऊन मला बाहेर पडता येईल का?

स्थलांतर अवघड नाही. क्रम मात्र सांभाळावा. जुन्या साधनातून नोंदी ‘आरआयएस’ किंवा ‘बिबटेक’ या सर्वमान्य रूपांत बाहेर काढता येतात आणि झोटेरो त्या वाचते. मेंडेलीचे खाते असेल तर तिथल्या नोंदी थेट आणण्याची सोयही आहे. अशा बदलात कप्प्यांची रचना आणि पानांवर केलेल्या खुणा गळू शकतात, म्हणून आधी वीस-पंचवीस नोंदींवर प्रयोग करावा. लिहून होत आलेला प्रबंध जुन्याच साधनात पुरा करावा. नवे साधन नव्या प्रकरणापासून धरावे. जुना साठा लगेच पुसू नये.

झोटेरोच्या नोंदी आपल्याच संगणकावर राहतात, त्यामुळे नेटवर्क नसले तरी काम अडत नाही. दुर्गम भागातल्या अभ्यासकाला ही मोठी सोय. सोबतच्या फायलींसाठी झोटेरोच्या साठ्यावर ३०० मेगाबाइट जागा मोफत मिळते. कागदपत्राचे एक छायाचित्र तीन मेगाबाइटचे धरले, तर शंभर छायाचित्रांत ती संपते. त्याहून जास्त जागेला पैसे पडतात. त्यापेक्षा छायाचित्रे स्वतःच्या संगणकावर ठेवावीत, आणि आठवड्यातून एकदा झोटेरो बंद करून त्याच्या सगळ्या फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

मराठी साधनांसाठी थोडी जास्त मेहनत लागते. नव्या पुस्तकाचा आयएसबीएन दिला की बरीचशी माहिती आपोआप भरली जाते. जुन्या मराठी ग्रंथांना तो क्रमांकच नाही, तिथे नोंद हातानेच करावी लागते. नावांचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. ‘वि. का. राजवाडे’, ‘विश्वनाथ काशिनाथ राजवाडे’ आणि रोमन लिपीतले राजवाडे हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे लेखक आहेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालचा, आणि एकूण खंड बावीस. तेव्हा नुसते ग्रंथनाम निरुपयोगी. खंड, लेखांक आणि हाताळलेली आवृत्ती तिन्ही हवीत. सालाच्या रकान्यात इसवी सन इंग्रजी आकड्यांत भरावा, कारण यंत्र साल ओळखते ते त्याच आकड्यांत. मूळ कागदावरची मिती आणि शक टिपणात जसेच्या तसे ठेवावेत. शके १५९६ म्हणजे १६७४-७५; महिना माहीत नसेल तर कोणतेही एकच वर्ष ठामपणे भरू नये. तयार सूचीत ‘संपा.’ऐवजी इंग्रजी संक्षेप उमटतात. शैलीच्या फायलीत ते शब्द एकदा बदलले की काम भागते, आणि बदललेली फाइल इतरांनाही देता येते. मराठी विभागांनी अशी एक शैली मिळून तयार केली, तर प्रत्येक विद्यार्थ्याचे कष्ट वाचतील.

यंत्राची मर्यादाही ओळखावी. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ते सांगेल. पत्र अस्सल की बनावट, हे सांगणार नाही. चुकीचा लेखांक भरला तर तोच चुकीचा लेखांक शंभर ठिकाणी नीटनेटका छापून देईल. पारख अभ्यासकाचीच.

पण मन लावून केलेली पारख टिकायची, तर तिच्या नोंदी दुसऱ्याच्या कुलपात असून चालत नाही. मावळातल्या वतनाचा एखादा कागद आज कोणी वाचला आणि त्याचा पत्ता नीट नोंदवला, तर वीस वर्षांनी त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या मुलीला तिथपर्यंत थेट पोहोचता आले पाहिजे. तेव्हा कोणती कंपनी चालू असेल आणि कोणती बंद पडली असेल, यावर ते अवलंबून राहू नये.