शोधयंत्र आणि त्याचा दुभाष्या

सातारा जिल्ह्यातील वाई हे गाव मराठी विश्वकोशामुळे आपल्या परिचयाचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला; आज हे खंड संगणकावरही वाचता येतात. समजा, सांगलीच्या एखाद्या शाळेने आपल्या ग्रंथालयातील पुस्तके, जुनी हस्तलिखिते आणि मुलांचे प्रकल्प यांची अशीच संगणकीय नोंद केली. आता 'कोयना' हा शब्द कोठे कोठे आला आहे ते क्षणात कळावे, यासाठी काय लागेल?

प्रत्येक वेळी सगळा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत बसणे संगणकालाही परवडत नाही. म्हणून शोधयंत्र आधीच एक सूची करून ठेवते. पुस्तकाच्या शेवटी शब्द आणि त्यापुढे पृष्ठांक असतात, तशीच ही सूची. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेले 'ल्यूसीन' हेच काम करते. त्याच्या पायावर शाय बॅनन यांनी २०१० मध्ये 'इलॅस्टिकसर्च' उभे केले.

आपली आज्ञावली पायथन, पीएचपी, जावा अशा कोणत्याही भाषेत असेल. शोधयंत्राला मात्र ठराविक नमुन्यात लिहिलेली चिठ्ठीच समजते. मोठ्या ग्रंथालयात खिडकीशी मागणीचिठ्ठी द्यावी लागते, तसेच हे. आपले म्हणणे त्या चिठ्ठीत उतरवणारा आणि आलेले उत्तर आपल्या भाषेत सांगणारा दुभाष्या म्हणजे 'क्लायंट लायब्ररी'. प्रत्येक भाषेसाठी तो वेगळा असतो.

अडचण अशी, की खिडकीवरचे नियम बदलतात. उदाहरण घेऊ. इलॅस्टिकसर्चची सातवी आवृत्ती एप्रिल २०१९ मध्ये आली. तोवर 'किती नोंदी सापडल्या?' या प्रश्नाला साधा आकडा मिळे, समजा ४२. सातव्या आवृत्तीपासून उत्तर दोन कप्प्यांत येऊ लागले: एकात आकडा, दुसऱ्यात तो नेमका आहे की 'किमान इतका' आहे याची खूण. (एरवी दहा हजारांपुढे मोजणी थांबवली जाते, म्हणून ही खूण लागते.) बदल शहाणपणाचाच होता; पण साध्या आकड्याची वाट पाहणारी जुनी आज्ञावली तेथे अडखळते. शाळेत ज्या शिक्षकांनी हे सारे उभे केले त्यांची बदली झालेली असते, कोणीतरी सर्व्हर अद्ययावत करते आणि कपाटात पुस्तक असूनही मुलाला ते मिळत नाही.

म्हणून निवडीची सुरुवात दुभाष्यापासून करू नये, सर्व्हरपासून करावी. सर्व्हरच्या मूळ पत्त्यावर (बहुधा ९२०० क्रमांकाच्या पोर्टवर) विचारणा केली की तो आपला आवृत्तिक्रमांक सांगतो. त्यातला पहिला आकडा दुभाष्याच्या पहिल्या आकड्याशी जुळला पाहिजे. पुढचा आकडा दुभाष्याचा थोडा मागे असला तरी चालते. दुभाष्या सर्व्हरहून नवा मात्र नको. नवव्या आवृत्तीची पायथन लायब्ररी आठव्या सर्व्हरला जोडून पाहिली, तर सर्व्हर विनंतीच नाकारतो. नवीन ते चांगले हा आपला नेहमीचा समज येथे उपयोगी पडत नाही. जुळलेला क्रमांक आज्ञावलीसोबतच्या फाइलीत लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी संगणक आपण होऊन नवी लायब्ररी उतरवून घेणार नाही. ग्रंथालयांसाठीची 'कोहा' ही प्रणाली वापरत असाल तर दुभाष्या तिच्यातच असतो. तिला सर्व्हरची कोणती आवृत्ती चालते एवढेच पाहावे.

आणखी एक घोळ २०२१ चा. त्या जानेवारीत इलॅस्टिक कंपनीने परवान्याच्या अटी बदलण्याचे जाहीर केले. ॲमेझॉनने ७.१०.२ ही जुन्या परवान्याची आवृत्ती घेऊन 'ओपनसर्च' ही वेगळी शाखा काढली, तिची १.० आवृत्ती जुलैत आली. दोन्ही भावंडे, चिठ्ठ्याही बऱ्याचशा सारख्या. पण ऑगस्टमधील ७.१४ पासून इलॅस्टिकचे दुभाषे समोर खरोखर इलॅस्टिकसर्च आहे ना, हे तपासू लागले आणि नसल्यास काम नाकारू लागले. तांत्रिक कारणापेक्षा यात व्यापारी चुरस अधिक होती, असे आम्हाला वाटते. तेव्हा ओपनसर्चला ओपनसर्चचाच दुभाष्या द्यावा.

एवढे जुळवल्यावरही 'साताऱ्यात' शोधताना 'सातारा' मिळेलच असे नाही. कारण तो दोष दुभाष्याचा नाही, सूची करण्याच्या रीतीचा आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी व बंगालीसाठी तयार शब्दविश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. त्यात 'ऱ्य' दोन प्रकारे टंकित होते: एक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरे साध्या 'र'नंतर डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते निराळे शब्द वाटतात. हिंदीचा विश्लेषक लावला तर हा भेद मिटतो, कारण तो 'ऱ'चा 'र' करतो आणि जोडचिन्ह व हलन्त गाळतो. मात्र तो ऱ्हस्व-दीर्घही एकच मानतो, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' एक होतात. वर्गात 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' हे दोन शब्द शोधायला देऊन पाहावेत. या विश्लेषकाच्या लेखी स्वयंपाकी आणि गुरुजी यांत काहीच फरक उरत नाही.