संगणकाची प्रणाली : एक की अनेक?

गेल्या पावसाळ्यात अकरावीतील एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत आम्हांस गाठले. हा मुलगा घरच्या जुन्या संगणकावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम रचण्याच्या खटाटोपात असतो. संगणक सुरू होताच पडद्यावर आपले नाव रोमन अक्षरांत उमटावे, येथवर त्याची मजल गेली आहे. तो म्हणाला, "सर, माझ्यासारखे हौशी लोक जगात पुष्कळ असतील. प्रत्येक जण आपली प्रणाली पहिल्यापासून रचीत बसतो आणि एकाचीही पुरी होत नाही. सगळ्यांनी मिळून एकच का रचू नये?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे, त्यामुळे तत्काळ उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले व जे वाटले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम, ही प्रणाली म्हणजे काय? शाळेत शिकविण्याचे काम शिक्षक करतात. परंतु कोणता वर्ग कोणत्या खोलीत बसेल, घंटा केव्हा होईल, प्रयोगशाळेची किल्ली कोणास मिळेल, ही व्यवस्था नसेल तर उत्तम शिक्षक असूनही शाळा चालणार नाही. संगणकात ही व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. कळफलकावर कोणती कळ दाबली हे ओळखणे, एकाच वेळी चाललेल्या कामांना स्मृतीतील जागा व प्रक्रियकाचा वेळ वाटून देणे, फायली जपून ठेवणे, छपाईच्या यंत्राशी बोलणे, ही सारी कामे तिची. विंडोज, अँड्रॉइड, लिनक्स ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेतच.

विद्यार्थ्याचा विचार शेतकऱ्याच्या घरातला आहे. आपल्याकडे शेतकरी इर्जिक करतात. शेजारपाजारच्या बैलजोड्या एका शेतात उतरतात आणि कित्येक दिवसांची नांगरट एका दिवसात उरकते. मग प्रणालीचीही इर्जिक का होऊ नये? अडचण अशी की, शेत आधीच आखलेले असते. बांध कोठे, तास कोणत्या दिशेने, यावर वाद नसतो. प्रणालीच्या बाबतीत मात्र शेत कोठे आहे, येथूनच वादाला आरंभ होतो.

याचे उदाहरण इतिहासात स्पष्ट आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली 'ग्नू' नावाची, सर्वांस मुक्तपणे वापरता व बदलता येईल अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. पहिल्या काही वर्षांत तिची बहुतेक अंगे तयार झाली. राहिला तो गाभा. 'हर्ड' नावाच्या त्या गाभ्याचे काम 1990 मध्ये सुरू झाले. योजना भव्य होती आणि माणसे विद्वान होती. तरीही 2016 साली जी आवृत्ती निघाली तिचा क्रमांक 0.9 होता! इकडे 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक लहानशी प्रणाली करीत असल्याचे कळविले. ती ग्नूसारखी मोठी होणार नाही, असेही त्याने नम्रपणे सांगून टाकले होते. त्या लिनक्सची पहिली आवृत्ती सुमारे 10,000 ओळींची होती. आज त्या गाभ्याच्या ओळी 3 कोटींच्या पुढे गेल्या आहेत.

या मुलाला त्या वेळी कोणी वडीलधाऱ्याने "तुझे सोडून दे आणि हर्डच्या कामाला लाग" असे बजावले असते तर? सल्ला अगदी शहाणपणाचा ठरला असता आणि लिनक्स जन्मालाच आले नसते. येथे आमचा पहिला निष्कर्ष झाला. लोक ठरावाभोवती जमत नाहीत. जे थोडे का होईना पण चालते आहे, त्याच्याभोवती जमतात. लिनस एकटा होता तेव्हाही त्याची प्रणाली चालत होती, म्हणून इतरांना तिच्यात दुरुस्त्या सुचविता आल्या. शिवाय 1992 मध्ये त्याने ती ग्नूच्याच परवान्याखाली मोकळी केली, त्यामुळे ग्नूची तयार अंगे आणि लिनक्सचा गाभा एकत्र नांदू लागले.

फुटीमुळेही नेहमी नुकसानच होते असे नाही. बीएसडी या जुन्या घराण्यातून 1993 मध्ये फ्रीबीएसडी व नेटबीएसडी अशा दोन शाखा निघाल्या. 1995 मध्ये नेटबीएसडीतील मंडळींशी मतभेद होऊन थिओ डी राट बाहेर पडले आणि त्यांनी ओपनबीएसडीची वेगळी चूल मांडली. या चुलीवर 1999 साली 'ओपनएसएसएच' शिजले. दूरच्या संगणकाशी गुप्तपणे बोलण्याचे हे साधन आज लिनक्ससह बहुतेक सर्व प्रणालींत वापरले जाते. भांडण एका घरातले, प्रसाद सर्व गावाला!

तर मग प्रत्येकाने आपापले वेगळे रचीत बसावे काय? येथे आम्हांस आपल्या दोन गावांच्या रेल्वेची आठवण होते. पांढुर्णा हे नागपूर-इटारसी या मोठ्या मापाच्या मार्गावरील स्थानक, तर सौंसर हे नागपूर-छिंदवाडा या छोट्या मापाच्या मार्गावरील. एकाच्या रुळांमधील अंतर 1,676 मिलिमीटर, दुसऱ्याच्या 762. छोट्या गाडीचा माल मोठ्या मार्गाने पुढे जावयाचा तर तो एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. डबा कितीही मजबूत असो, परक्या रुळावर तो निरुपयोगीच. ती छोटी गाडी 2015 च्या अखेरीस थांबली आणि काही वर्षांनी तेथेही मोठ्या मापाचे रूळ आले. म्हणून देशातील सर्व गाड्या मोडून एकच गाडी करावी, असे कोणी म्हटले नाही. एकसारखे करावयाचे होते ते माप.

प्रणालींच्या जगातही अशी मापे आहेत. 'पॉझिक्स' हे 1988 मध्ये निश्चित झालेले माप पाळले की, एका प्रणालीसाठी लिहिलेले काम थोड्या फरकाने दुसरीवर चालविता येते. काही सामान तर उसनेही घेता येते. 2001 पासून हौशी मंडळी 'हायकू' नावाची प्रणाली चिकाटीने रचीत आली आहेत. तिला तऱ्हेतऱ्हेच्या जाळे-यंत्रांशी बोलावयाचे होते. त्यासाठी लागणारे दुभाषे तिने फ्रीबीएसडीकडून घेतले. लिनक्सच्या त्या 3 कोटी ओळींपैकी निम्म्याहून अधिक असल्याच दुभाष्यांच्या आहेत. हे काम कंटाळवाणे आणि न संपणारे आहे. ते प्रत्येक हौशी माणसाने पुन्हा करण्यात कसलाच पुरुषार्थ नाही.

आता ज्या कारणाने हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा वाटतो, त्याकडे वळू. आमची मातृभाषा कोकणी. देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी अशा पाच लिप्यांत ती लिहिली गेली आहे. बोलणारे थोडे आणि लिप्या पाच, म्हणजे काय होते हे आम्हांस कोणी सांगावयास नको. मराठी त्या मानाने भाग्यवान. तथापि संगणकावर तिचीही एके काळी तीच गत होती. प्रत्येक फॉन्टची सांकेतिक लिपी निराळी असे. पूर्वी एका वार्षिकासाठी आम्ही टंकून दिलेला लेख छापखान्यात उघडला, तो त्यात एकही शब्द वाचता येईना! फॉन्ट वेगळा होता, इतकेच. सबंध लेख पुन्हा टंकावा लागला. युनिकोड या समाईक संकेताने, ज्याची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली, हा घोळ मिटविला. तरी 'ॲ' या आपल्या अक्षराला त्यात स्वतंत्र स्थान मिळावयास 2008 साल उजाडले.

संकेत ठरला तरी अक्षर पडद्यावर नीट जुळविणे हे आणखी वेगळे काम. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द पाहा. दर्या आमच्या गावाकडचा, दऱ्या तुमच्या सातपुड्यातल्या. एकात रफार माथ्यावर जातो, दुसऱ्यात तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही. म्हणून हिंदीपुरती देवनागरी शिकलेली प्रणाली मराठी मुलासमोर येथेच अडखळते. प्रत्येक नव्या प्रणालीला हा रफार पुन्हा शिकवावयाचा तर तेवढे मराठी हौशी लोक कोठून आणावे, आणि कोकणी तर कोठून? सुदैवाने हे अक्षर जुळविण्याचे काम 'हार्फबझ' नावाचे एक मुक्त साधन करते. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिनक्सवरील बहुतेक कार्यक्रम त्याचाच उपयोग करतात. तेथे केलेली एक दुरुस्ती या सर्वांपर्यंत पोचते. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेनेही 2007 मध्ये भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' प्रणाली काढताना गाभ्यापासून आरंभ केला नाही. डेबियन ही हौशी लोकांनीच वाढविलेली लिनक्सची मांडणी तिने आधाराला घेतली.

म्हणून आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले की, तुझी प्रणाली मोडू नकोस. तू ती शिकण्यासाठी रचीत आहेस, आणि दुसऱ्याच्या तयार घरात राहून भिंत कशी उभी राहते हे समजत नाही. मात्र अक्षरे, मापे, दुभाषे यांच्या वाटेला एकटा जाऊ नकोस. ती जेथे तयार आहेत तेथून घे आणि त्यांत चूक सापडली तर तेथेच कळव. त्याला हे सर्वस्वी पटले असे दिसले नाही. "पण सर, मग ती पूर्ण माझी कशी राहील?" असे त्याने विचारले. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आमच्याजवळ नव्हते आणि आजही नाही.

दिवाळीनंतर तो पुन्हा भेटला. हार्फबझ आपल्या प्रणालीत बसविण्याची त्याची खटपट चालू होती. तूर्त पडद्यावर 'दऱ्या' लिहिले की र, हलन्त आणि या अशी तीन तुटक चिन्हे उमटतात. त्यांचा कागदावर काढलेला नमुना त्याने आम्हांस दाखविला आणि कोणते चिन्ह कोठे सरकावयास हवे, ते आम्ही लाल शाईने खुणा करून दिले.