पेटीबंद यंत्रांची रवानगी

संपादकांनी मला भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका पंपांच्या कारखान्याचा पूर्वेतिहास लिहिण्यासाठी धाडले होते; तो इतिहास कारखान्याच्या माहितीपत्रकात सविस्तर छापलेलाच आहे, आणि माझे मन गुंतले ते त्या माहितीपत्रकात एका ओळीचेही स्थान नसलेल्या रवानगी विभागात.

पेटीला खिळा लागण्यापूर्वी आतील वस्तूला जकातीच्या दफ्तरात कोणते स्थान आहे, हे निश्चित व्हावे लागते. १९८८ पासून अमलात असलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार द्रवाचे पंप ८४१३ या शीर्षकाखाली येतात. केवळ पंपालाच उपयोगी पडणारा इम्पेलर त्यांच्याच सोबत राहतो, परंतु बॉल बेअरिंग सुटे पाठविल्यास ते ८४८२ मध्ये आणि दंतचक्र ८४८३ मध्ये जाते. या नोंदीत चूक झाली, तर निर्दोष माल बंदरातच अडकून पडतो.

तेथील वयोवृद्ध मिस्त्रींचे सारे लक्ष मात्र बेअरिंगवर असते. चालू यंत्रात बेअरिंगच्या गोळ्या फिरत राहतात व वंगणाचा पातळ थर धातूला धातूपासून अलग ठेवतो. उलट बोरघाट उतरणाऱ्या ट्रकमध्ये आणि पुढे जहाजावर, दंड स्थिर असताना, तीच गोळी एकाच जागी अहोरात्र थरथरते, तेथील वंगण निसटते आणि कडीवर गोळ्यांच्या अंतराने बारीक खळगे पडतात, ज्यांचा पत्ता यंत्र परमुलखात सुरू होऊन आवाज करू लागेपर्यंत कोणासही लागत नाही. म्हणून मिस्त्री दंड अक्षाच्या दिशेने आवळून जखडतात, आणि ती पकड दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवीत नाहीत. हे कौशल्य मला यंत्र घडविणाऱ्याच्या कौशल्याहून तिळभरही उणे वाटले नाही.

खरी चिंता लाकडाची आहे. कीड परदेशी जाऊ नये म्हणून पेटीचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापवून त्यावर अधिकृत शिक्का उमटवावा लागतो. पण या तापविण्याने कीड मरते, लाकूड सुकतेच असे नाही. ओल धरलेल्या फळ्या बंद कंटेनरमध्ये दिवसाच्या उन्हाने बाष्प सोडतात, रात्री ते छताला थंडावून थेंबाथेंबाने खाली गळते, आणि तेल, गंजरोधक कागद, सिलिका जेलच्या पिशव्या अशी सारी तरतूद असूनही घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर तांबूस डाग उमटतो. पावसाळ्यात मिस्त्री प्रत्येक फळीला आर्द्रतामापकाची टोके टोचून पाहतात व ओली फळी बाजूला काढतात. सुक्या फळ्या अपुऱ्या पडल्या की पेटी रखडते, आणि जहाज मात्र न्हावाशेव्याहून ठरल्या तारखेला सुटते. लाकूड वाळविण्याची भट्टी वसाहतीतच असावी, ही त्यांची मागणी अद्याप मंजूर झालेली नाही.