नवे आउटलुक : काय जाते, काय राहते

विंडोजबरोबर फुकट मिळणारी ‘मेल’ आणि ‘कॅलेंडर’ ही दोन ॲप्स मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केली. त्यानंतर त्यांतून मेल पाठवता येत नाही आणि आलेला मेल उतरतही नाही. त्यांची जागा ‘न्यू आउटलुक’ने घेतली. ज्यांच्याकडे ऑफिसबरोबर आलेले जुने, ‘क्लासिक’ आउटलुक होते, त्यांच्याही पडद्यावर वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बटण दिसू लागले : नवे वापरून पाहा. तेव्हापासून सीएंची ऑफिसे, वकिलांची चेंबर्स, छोटे कारखाने, सगळीकडे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, हात लावू नका, सगळे उडेल. दुसरा म्हणतो, काही नाही हो, नुसते रूप बदलले आहे, दाबा बटण.

दोन्ही मते चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे लोकांचे खरे नुकसान होते. वाद चालतो तो पडदा कसा दिसतो यावर. विचारायला हवे ते हे की, आपले मेल आणि आपल्या तारखा आज नेमक्या कुठे साठवलेल्या आहेत. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बटण दाबायचे की नाही हे ठरवायला पाच मिनिटे पुरतात.

“बटण दाबले की जुने मेल उडतात”

मेल सर्व्हरवर असतील, तर उडत नाहीत. जीमेल, आउटलुक डॉट कॉम, मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि ‘आयमॅप’ पद्धतीने जोडलेले कोणतेही खाते घ्या. मूळ प्रत सर्व्हरवर राहते आणि संगणकावर तिचे प्रतिबिंब दिसते. सॉफ्टवेअर बदलले तरी मूळ प्रत जिथल्या तिथे असते. सुरुवातीला जुने मेल दिसले नाहीत म्हणून लोक घाबरतात. पुष्कळदा ते हळूहळू उतरत असतात एवढेच.

पण ही भीती निराधारही नाही. आपल्याकडच्या असंख्य लहान व्यवसायांनी वेबसाइटबरोबर मिळालेले मेलखाते वर्षानुवर्षे ‘पॉप३’ पद्धतीने वापरले. पॉप३ सर्व्हरवरचा मेल संगणकावर उतरवतो आणि तशी सोय निवडली असेल तर सर्व्हरवरून पुसूनही टाकतो. सर्व्हरवर जागा कमी, म्हणून बहुतेकांनी तीच सोय निवडली. अशा ऑफिसचा दहा-बारा वर्षांचा पत्रव्यवहार एका ‘पीएसटी’ फायलीत, एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतो. दुसरी प्रत कुठेच नसते. नव्या आउटलुकमध्ये तेच खाते जोडले, तर सर्व्हरवर जे उरले आहे तेवढेच दिसणार. जुने मेल त्या फायलीत सुखरूप असतात, पण मालकाला वाटते की गेले. मग घाईघाईत कुणीतरी डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो, आणि फाइल तेव्हा खरोखरच जाते.

पीएसटी फायलीला मर्यादाही आहेत. आउटलुक २००२ पर्यंत ती २ जीबीची होती आणि मर्यादेजवळ गेलेली फाइल बिघडत असे. २००३ व २००७ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. नव्या आउटलुकमध्ये पीएसटी सुरुवातीला उघडतच नव्हती. नंतर ती आली, तीही आधी फक्त मेल वाचण्यापुरती. अशी फाइल ज्यांच्याकडे आहे, त्यांनी अपग्रेड होवो न होवो, तिची एक प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. प्रत घेण्यापूर्वी आउटलुक पूर्ण बंद करावे. आणि ही फाइल ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून वापरू नये. खुद्द मायक्रोसॉफ्टच तसे करू नका म्हणते, तरी आपल्याकडे ते सर्रास चालते.

“जुनेच आहे, फक्त रंगरंगोटी केली आहे”

हा दुसऱ्या तटाचा गैरसमज, आणि माझ्या मते जास्त घातक. १९९७ मध्ये आलेले आउटलुक हे विंडोजसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर आहे. नवे आउटलुक मुळात वेबवरचे आउटलुक आहे. ते विंडोजच्या चौकटीत चालते इतकेच. नाव एक असले तरी घडण वेगळी. त्यामुळे जुन्या आउटलुकमध्ये बसवलेली ‘कॉम’ जातीची जोड-सॉफ्टवेअर नव्यात चालत नाहीत, फक्त वेब पद्धतीची चालतात. कागदपत्रे खटल्याच्या नोंदीला जोडणारे, ग्राहकाचा मेल थेट विक्रीच्या यादीत टाकणारे, मेलला डिजिटल सही करणारे असे एखादे जोड-सॉफ्टवेअर ज्या ऑफिसचे रोजचे काम चालवते, तिथे हा बदल रंगरंगोटीचा नाही. स्वतःच्या जागेत एक्स्चेंज सर्व्हर ठेवणाऱ्या संस्थांची खातीही नवे आउटलुक जोडून घेत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने हे नवे रूप व्यावसायिक ग्राहकांसाठी तयार असल्याचे जाहीर केले. ग्राहकांनी तेव्हा केलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच रास्त होत्या : इंटरनेट नसताना नीट चालत नाही, जुन्या सोयी नाहीत, फुकट खात्यांना जाहिराती दिसतात. यातल्या काही उणिवा नंतर टप्प्याटप्प्याने भरून निघाल्या. म्हणून पहिल्या महिन्यांतल्या मतांवर आज निर्णय घेऊ नये. सक्तीची भीतीही अवास्तव आहे, कारण क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार मिळेल असे कंपनीने स्पष्ट सांगितले आहे.

“माझा पासवर्ड माझ्याच संगणकात राहतो”

जुन्या आउटलुकमध्ये राहत होता. नव्यात चित्र वेगळे आहे. जीमेल, याहू किंवा तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरचे आयमॅप खाते जोडले की, त्यातले मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर समक्रमित होतात. जीमेलच्या बाबतीत पासवर्ड जात नाही, परवानगीची एक सांकेतिक किल्ली जाते. साध्या आयमॅप खात्याच्या बाबतीत मात्र लॉगिनची माहितीच मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाते, कारण मेल तुमचा संगणक आणत नाही, तो सर्व्हर आणतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीत ही गोष्ट प्रकाशात आली, तेव्हा तिथले तत्कालीन केंद्रीय माहिती-संरक्षण आयुक्त उलरिश केल्बर यांनी जाहीर चिंता व्यक्त केली होती.

यात चोरी झाली असे म्हणणे चुकीचे आहे. खाते जोडताना तशी सूचना पडद्यावर येते. पण आपण ती न वाचता ‘पुढे’ दाबतो. ज्यांच्या मेलमध्ये अशिलांची कागदपत्रे, रुग्णांचे अहवाल किंवा दुसऱ्यांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात, त्यांनी हा निर्णय जाणीवपूर्वक घ्यायला हवा. तो घ्यायचा नसेल, तर क्लासिक आउटलुक किंवा मोझिलाचे फुकट असलेले थंडरबर्ड संगणकावरून थेट सर्व्हरशी बोलते.

“चाललेय ना, मग कशाला हात लावायचा?”

आउटलुक २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती उघडतात, मेल पाठवतात, सगळे पूर्वीसारखे दिसते. फक्त सापडलेली भोके यापुढे बुजवली जात नाहीत. याचा अर्थ काय, हे मार्च २०२३ मधल्या एका उदाहरणावरून कळते. हल्लेखोर एक मेल किंवा कॅलेंडरचे निमंत्रण पाठवी. त्यातल्या स्मरणघंटेसाठी वाजवायची ध्वनिफाइल हल्लेखोराच्या सर्व्हरवर आहे, असे त्यात लिहिलेले असे. घंटेची वेळ झाली की आउटलुक आपण होऊन त्या सर्व्हरकडे जाई आणि जाताना वापरकर्त्याच्या विंडोज लॉगिनचा सांकेतिक अंश देऊन बसे. मेल उघडायची गरज नव्हती, कुठे क्लिक करायचीही नव्हती. युक्रेनच्या संगणक-सुरक्षा पथकाने ही गोष्ट उघडकीस आणली आणि मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. विंडोजवरचे आउटलुक धोक्यात होते, वेबवरचे नव्हते. उद्या असेच भोक सापडले, तर २०१६ ची आवृत्ती वापरणाऱ्याला दुरुस्ती कोण देणार?

दुसरी अडचण लॉगिनची. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, आणि मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या वैयक्तिक मेलखात्यांसाठी, नुसत्या नाव-पासवर्डाने बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत येऊ देणे थांबवले. नवी पद्धत न कळणारे जुने सॉफ्टवेअर मग पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारते. लोक पासवर्ड बदलत बसतात. पासवर्ड बरोबरच असतो, सॉफ्टवेअर जुने झालेले असते.

“मेल आले म्हणजे कॅलेंडरही आलेच”

सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा समज हा. आयमॅप आणि पॉप३ फक्त मेल वाहतात; तारखा आणि पत्ते त्यांच्या कक्षेतच येत नाहीत. क्लासिक आउटलुकमध्ये असे खाते असेल, तर जीएसटीच्या तारखा, कोर्टाच्या तारखा, विम्याचे हप्ते ‘फक्त या संगणकावर’ अशा कॅलेंडरमध्ये लिहिलेले असतात. ते नव्या ठिकाणी आपोआप येत नाहीत. मेल न दिसल्यास माणूस ओरडतो. तारीख न दिसल्याचे ती उलटून गेल्यावर कळते.

उपाय सोपा आहे. जवळजवळ सगळी कॅलेंडरे ‘आयसीएस’ ही फाइल ओळखतात. तिचा नमुना १९९८ मध्ये ठरला आणि २००९ मध्ये सुधारला गेला. क्लासिक आउटलुकमध्ये कॅलेंडर उघडून फाइल मेनूतून ते जतन करा, ही फाइल मिळते. मात्र नव्या ठिकाणी ती ‘आयात’ केली, तर त्या दिवशीची प्रत मिळते. जुन्या ठिकाणी नंतर केलेला बदल तिच्यात उतरत नाही. दुव्यावरून ‘सबस्क्राइब’ केले, तर बदल उशिराने का होईना येतात, पण त्या नोंदी आपल्याला सुधारता येत नाहीत. दोन्ही एकच समजून कित्येक जण दोन कॅलेंडरे समांतर चालवतात आणि कोणते खरे हे विसरतात.

वेळेचा घोळ तर अपग्रेडच्या माथी उगाच मारला जातो. पुण्यातली टीम आणि न्यू जर्सीतली टीम दर आठवड्याला भेटते असे समजा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. आपले घड्याळ हलत नाही. भेट तिकडच्या वेळेने सकाळी साडेदहाची ठरवली असेल, तर पुण्यात ती उन्हाळ्यात रात्री आठला आणि हिवाळ्यात नऊला पडते. कॅलेंडर बरोबर असते. फक्त भेट कुणाच्या वेळेने नोंदवली, हे आधी ठरवावे लागते. सॉफ्टवेअर बदलल्यावर सेटिंगमधली वेळपट्टी ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ अशीच आहे ना, एवढे पाहावे. ती चुकली, तर दिवसभराची नोंद, म्हणजे वाढदिवस किंवा सुट्टी, दोन दिवसांवर पसरलेली दिसू शकते.

“सॉफ्टवेअर बदलले की पत्ता बदलतो”

नाही. पत्ता डोमेनचा असतो. केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या चेन्नईच्या कंपनीच्या व्यवस्थेवर नेले. त्यांचे सरकारी पत्ते होते तेच राहिले.

तेव्हा बटण दाबण्यापूर्वी जुन्या आउटलुकमध्ये खात्याची माहिती उघडा आणि पाहा : पॉप३ आहे की आयमॅप, पीएसटी फाइल कुठे आहे, कॅलेंडर कोणत्या खात्याखाली आहे, कोणती जोड-सॉफ्टवेअर लागतात. फाइल आणि कॅलेंडर यांच्या प्रती काढा. मग ऑफिसातल्या एकाच संगणकावर नवे चालू करून महिनाभर काम करा, आणि तोवर जुने काढून टाकू नका; तेच बटण बंद केले की जुने पुन्हा उघडते.