गिअरबॉक्स श्वास घेतो तेव्हा

पावसाळ्यात फरशी पुलावरून गुडघाभर पाणी वाहत असते. घाट उतरून आलेली जीप त्यातून पलीकडे निघते, इंजिन एकदाही अडखळत नाही आणि आतली मंडळी सुटकेचा नि:श्वास सोडतात. गाडीने मात्र त्याच वेळी श्वास आत ओढलेला असतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी फुगवटा दिसतो, त्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलेले असते. कुठे भोक पडलेले नाही, कुठले झाकण सैल नाही. मग पाणी गेले कुठून?

उत्तर शाळेतल्या विज्ञानातच आहे. डिफरन्शियलच्या पोटात खाली तेल आणि वर हवा असते. घाटात राबलेल्या गाडीत हे तेल ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. तापलेली हवा फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती तेलच सीलमधून बाहेर ढकलेल. म्हणून माथ्यावर एक छोटी टोपी बसवलेली असते. तिचे नाव ब्रीदर. गिअरबॉक्सलाही असाच ब्रीदर असतो. हवा तापली की त्यातून बाहेर जाते, निवली की आत येते. गाडी चालू-बंद होईल तसा हा श्वासोच्छ्वास रोज चालतो.

आता हे तापलेले लोखंड २७ अंशांच्या पाण्यात बुडाले असे समजा. वायू निरपेक्ष तापमानाचा हिशेब मानतात: ३६३ केल्विनवरून ३०० केल्विन. म्हणजे आतल्या हवेचे आकारमान सुमारे एक षष्ठांशाने घटणार. आत तीन लिटर हवा धरली, तर अर्धा लिटर जागा मोकळी होते. ती भरायला ब्रीदरच्या तोंडाशी त्या वेळी हवा नसते, पाणी असते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर हीच ओढ ऑइल सीलवर पडते आणि सीलची रचना मुळात आतले तेल बाहेर जाऊ नये यासाठी असते.

उभ्या, थंड गाडीचे गणित वेगळे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. तिथे तापमानाचा खेळ नव्हता, खोलीचा होता. पाण्याची दर मीटर खोली वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक दशांश दाब वाढवते. तेवढा दाब तासन् तास राहिला की ब्रीदर आणि सील दोन्हीकडून पाणी वाट काढते, आणि पुराच्या पाण्यासोबत गाळही येतो.

पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. गाडी चालली की गिअर त्याला घुसळतात, पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब तेलात विखुरतात आणि मधाच्या रंगाचे पारदर्शक तेल दुधाळ होते. दूध पांढरे दिसते तेही याच कारणाने: एका द्रवात दुसऱ्याचे बारीक थेंब तरंगतात आणि प्रकाश चहूकडे विखरून टाकतात.

पण थोडे पाणी मिसळले म्हणून पोलादाचे काय बिघडणार? खरे आश्चर्य इथेच आहे. डिफरन्शियलमधल्या क्राऊन आणि पिनियन या जोडीचे दात बहुतेक मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हायपॉइड पद्धतीने कापलेले असतात. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने ही रचना विकसित केली आणि १९२६मध्ये पॅकार्डने ती मोटारीत आणली. हे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, आडवे घसरतातही. जिथे दाताला दात भिडतो, तिथे दाब वातावरणाच्या दहा हजार पटींच्या घरात जातो. अशा दाबाखाली तेल पळून जात नाही. त्याचा दाटपणा लाखो पटींनी वाढतो, क्षणभर ते जवळपास घन होते आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर होऊन पोलादाला पोलादापासून दूर ठेवते. दात सुटला की पुन्हा द्रव!

पाण्याला ही किमया जमत नाही. तेवढ्या दाबाखालीही त्याचा दाटपणा फार तर काही पट वाढतो. थराच्या जागी पाण्याचा थेंब आला की तिथला आधार ढासळतो आणि धातू धातूला घासतो. शिवाय ताज्या घासलेल्या पृष्ठभागावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. १९७७मध्ये कँटली या संशोधकाने बेअरिंगच्या आयुष्यावर तेलातल्या पाण्याचा परिणाम मोजला. त्याच्या सूत्रानुसार पाण्याचे प्रमाण दशलक्ष भागांत १०० वरून ४०० झाले, तर बेअरिंगचे आयुष्य निम्म्याहून खाली येते. दशलक्षात ४०० म्हणजे दोन लिटर तेलात एक मिलिलिटरही नव्हे.

‘गाडी चालवली की पाणी आपोआप उडून जाईल’ ही समजूत म्हणूनच महागात पडते. तेल सहसा शंभर अंशांच्या खालीच राहते. जी वाफ होते तीही थंड भिंतींवर निवून परत तेलात पडते आणि तोवर बेअरिंगवर गंजाचे ठिपके उमटतात.

उपाय मात्र साधा आहे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी ड्रेन प्लग सैल करावा. पाणी असेल तर तेच आधी बाहेर येते. शंका उरली तर तापलेल्या तव्यावर त्या तेलाचा एक थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. मग सगळे तेल काढून त्याच ग्रेडचे स्वस्त तेल भरावे, गाडी थोडे अंतर हलकी चालवावी आणि तेही काढून टाकावे. काढलेले तेल स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. रॉकेलने धुणे टाळलेले बरे, कारण कोपऱ्यात उरलेले रॉकेल नव्या तेलाला पातळ करते. गाळ आला असेल तर कव्हर उघडून सफाई हवीच, आणि समुद्राचे खारे पाणी असेल तर त्याच दिवशी. शेवटी भरायचे तेल गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच घ्यावे. हायपॉइडसाठीची गंधकयुक्त जीएल-५ तेले काही गिअरबॉक्समधल्या पितळी भागांना सोसत नाहीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते. तिथे तेल एकच, काळजीही एकच. नेहमी पाण्यातून जाणाऱ्यांनी ब्रीदरला नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंच न्यावे.

इंजिनाला डिपस्टिक असते, डॅशबोर्डवर दिवा असतो. डिफरन्शियलला सहसा यातले काहीच नसते. म्हणून गाडी पाण्यात बुडाली असेल तर गॅरेजवाल्याने विचारण्याची वाट पाहू नका. ‘गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा प्लग माझ्यासमोर उघडा’ असे स्वतःच सांगा. दोन-तीन लिटर तेलाचा खर्च नव्या क्राऊन-पिनियनच्या खर्चापुढे किरकोळ आहे.