हिराकस : लोहाचा एक उपयुक्त क्षार

महाडजवळ सावित्रीच्या काठी वसलेले सव हे गाव उन्हाळ्यांसाठी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी, ओळखले जाते. तेथून पोलादपूरकडे जाताना डोंगरउतारांवर जी तांबडी माती दिसते, तिला तो रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे आलेला आहे. ज्या तालुक्याच्या नावातच पोलाद आहे, तेथे लोहाला काय तोटा, असे कोणासही वाटेल. परंतु मातीतील हे लोह गंजाच्या जातीचे असून ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गरोदर स्त्रीस माती खावीशी वाटणे हे पुष्कळदा रक्तक्षयाचे लक्षण असते. मात्र त्या मातीने रक्तक्षय भरून निघत नाही. त्यासाठी विरघळणारे लोह हवे, आणि ते स्वस्तात पुरविणारा क्षार म्हणजे हिराकस.

हिराकसाचे शास्त्रीय नाव फेरस सल्फेट. लोखंड सौम्य गंधकाम्लात विरघळवून तो द्राव आटविला व थंड केला, की फिकट हिरवे स्फटिक मिळतात. या स्फटिकांत क्षाराच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. म्हणून शंभर ग्रॅम हिराकसात प्रत्यक्ष लोह सुमारे वीस ग्रॅमच भरते. तापवून बरेचसे पाणी काढलेल्या पांढुरक्या भुकटीत हेच प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास जाते. दमट हवेत उघडा राहिलेला हिराकस प्राणवायू शोषून पिवळट-तपकिरी पडतो. फेरस लोहाचे फेरिक लोह झाल्याची ती खूण होय, आणि असा माल कमी प्रतीचा समजावा. कोकणच्या पावसाळ्यात पोते नीट बांधून ठेवणे त्यामुळेच आवश्यक ठरते.

बाजारातील बराचसा हिराकस उपपदार्थ म्हणून निघतो : पोलादाचे पत्रे आम्लाने स्वच्छ करताना, किंवा पांढऱ्या रंगासाठी लागणारे टायटॅनियम डायऑक्साइड गंधकाम्लाच्या पद्धतीने तयार करताना. या औद्योगिक प्रतीत इतर धातूंचे अंश राहू शकतात. सांडपाण्यातील घातक क्रोमियमचे रूप बदलून ते चुन्याच्या साहाय्याने साक्यात बसविण्यासाठी ही प्रत पुरेशी असते. खताच्या प्रतीत फेरस लोह किमान १९ टक्के असावे, असे १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने ठरवून दिले आहे. औषधी प्रतीची शुद्धता याहून कितीतरी काटेकोर असते. शेतीच्या दुकानातला हिराकस पोटात घेण्याजोगा नव्हे, हे ग्रामसभेत एकदा स्पष्ट सांगितलेले बरे. मोरचूद तर तांब्याचा क्षार. त्याची व हिराकसाची गल्लत करू नये.

शेतीत याचा खरा उपयोग चुनखडीयुक्त जमिनीत होतो. तेथील उसावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी-पांढरी होतात, तेव्हा सुमारे अर्धा टक्का द्रावणाची फवारणी करतात. सवच्या परिसरातील आम्लधर्मी भातजमिनीस सहसा याची गरज नसते. उलट पाणी साचून राहिल्यास अशा जमिनीत लोहच जादा होऊ शकते. मातीपरीक्षणाशिवाय हा खर्च करण्यात अर्थ नाही.

सह्याद्रीच्या रानात मिळणाऱ्या हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला, की हवा लागताच द्राव काळाभोर होतो. पूर्वी शाई व कापडाचा काळा रंग याच रीतीने करीत. हिरड्यातील तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लोहाला घट्ट धरते. चहातही अशीच तुरट द्रव्ये असतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली, तर पोटात थोडीबहुत शाईच तयार होते म्हणायची. ते लोह रक्तापर्यंत फारसे पोहोचत नाही.

ही गोष्ट किरकोळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. १९७० पासून देशात लोहाच्या गोळ्या वाटल्या जात आहेत. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर स्त्रीस चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस, व बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक लाल गोळी देण्याचे ठरले. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. एवढे लोह सुमारे ३०० मिलिग्रॅम स्फटिकरूप हिराकसात असते.

गोळी मिळते, पण ती पोटात जातेच असे नाही. शौचास काळे झाले की स्त्रिया घाबरून गोळ्या बंद करतात. वास्तविक तो न शोषलेल्या लोहाचा रंग होय, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असल्यास जेवणानंतर तासाभराने गोळी घ्यावी. लिंबू किंवा आवळा सोबत चालतो, त्याने लोह अधिक शोषले जाते. चहा व कॅल्शियमची गोळी मात्र दोन तास दूर ठेवावी. आरोग्यसेविकेने हे गोळी हाती देतानाच सांगितले, तर पाकीट फळीवर पडून राहण्याची शक्यता कमी होते.

फळीवर पडलेल्या पाकिटाचा आणखी एक धोका आहे. लाल, गुळगुळीत गोळी लहान मुलाला खाऊसारखी वाटते. दहा किलो वजनाच्या बालकास अशा चार-पाच गोळ्याही विषबाधा करू शकतात. उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे, आणि उरलेले पाकीट डॉक्टरांना दाखविण्यासाठी बरोबर घ्यावे.