चाकाचा की चाकांचा?

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे १९८४ साली रेल्वेची चाके व आस तयार करणारा कारखाना सुरू झाला. तेथे एका आसावर दोन चाके दाबून बसविली जातात. अशा कारखान्यातील तक्त्यावर 'चाकाचा व्यास' म्हणावयाचे की 'चाकांचा', हे मराठीत एका अनुस्वाराने ठरते आणि तो अनुस्वार कानालाही जाणवतो. इंग्रजीत मात्र 'व्हील’स' म्हणजे एका चाकाचा, 'व्हील्स’' म्हणजे अनेक चाकांचा आणि 'व्हील्स' म्हणजे नुसती चाके, या तिहींचा उच्चार एकच. भेद डोळ्यांपुरता आहे. खूण 'स'च्या आधी असेल तर चाक एक, नंतर असेल तर अनेक. ती गाळली तर तक्ता वाचणाऱ्याने संदर्भावरून तर्क करावयाचा.

ही खूण मुळात षष्ठीची नव्हेच. संस्कृतात 'सोऽहम्' लिहिताना अवग्रह जसा लुप्त अकाराची जागा दाखवितो, तसेच हे लोपचिन्ह आहे. प्राचीन इंग्रजीत पुष्कळशा नामांची षष्ठी 'एस' या प्रत्ययाने होई. कालांतराने त्यातील स्वर गळाला आणि सोळाव्या शतकात फ्रेंचांच्या अनुकरणाने आलेली खूण पुढे त्या जागी बसली. अनेकवचनात ती शब्दाच्या अंती ठेवण्याचा प्रघात त्यानंतर पुष्कळ उशिरा रूढ झाला.

'स' न लावताच ज्यांचे अनेकवचन होते, त्या शब्दांत मात्र खूण 'स'च्या आधीच येते. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या इंग्रजी नावातील 'विमेन’स' हा शब्द असाच आहे. तेथे खूण आधी असली तरी स्त्री एक नव्हे.

पुरुषवाचक सर्वनामांना ही खूण मुळीच लागत नाही. मराठीतही 'मी'चे 'मीचा' न होता 'माझा' होते. 'त्याचे' या अर्थी 'इट्स' खुणेवाचून लिहावे. खूण दिली की त्याचा अर्थ 'ते आहे' असा होतो. चांगले शिकलेले लोकही येथे चुकतात, कारण नामांचा नियम त्यांना पक्का ठाऊक असतो!

येलहंक्याच्या कारखान्याचे आजचे नाव 'रेल व्हील फॅक्टरी'. मराठी मनाला तेथे 'चाकांचा कारखाना' असा 'चा' ऐकू येतो आणि खूण देण्याचा मोह होतो. परंतु येथे 'व्हील' हे नाम विशेषणासारखे योजिले आहे, त्यामुळे त्याला ना 'स' लागतो, ना खूण. मुंबईच्या विल्सन कॉलेजच्या नावातही खूण नाही. सेंट झेवियर’स कॉलेजच्या नावात ती आहे.